पडद्याबाहेरचं दुखणं

वासुदेवने काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि समोर उभ्या असलेल्या सुनंदाच्या छातीवर रुपयाएवढी काळी खूण केली. चिमणीच्या उजेडात ती एकदा नीट पाहिली, मग काखेच्या बाजूला थोडी ओढली.

"थंड लागतंय हो," सुनंदा म्हणाली. चोळीची दोन्ही टोकं तिने हातात धरून ठेवली होती.

"हलू नको. डाक्तरनं बोट ठेवलं का नेमकं हितंच दुखतं म्हणायचं. आता परत एकदा म्हणून दाखव."

"डाव्या बाजूला गाठ हाय. पयली सुपारीएवढी होती, आता आवळ्याएवढी. वरची कातडी आत ओढल्यावाणी झालीय, लिंबाच्या सालीगत. आदी दुखत नव्हती, दिवाळीपासून दुखते. कवाकवा रगताचा डाग पडतो." शाळेतल्या पोरीने पाढा म्हणावा तसं तिने एका दमात म्हटलं आणि शेवटच्या वाक्याला तिचा आवाज चिरकला.

"रडायचं नाय."

"रडतंय कोण? चिमणीचा धूर गेला डोळ्यात."

गाठ सुनंदाला नव्हती. ती वासुदेवच्या छातीत होती आणि वासुदेवची छाती ही जगापासून लपवायची वस्तू होती. तो ज्या देहात जन्माला आला तो देह बाईचा होता. बरोबरीच्या पोरांना मिसरूड फुटलं आणि आपल्याला ते कधीच फुटणार नाही हे त्याला कळून चुकलं, तेव्हा त्याने जुन्या धोतराची पट्टी फाडून छाती आवळून बांधली, सुरतेकडचं गाव सोडलं आणि वेवजीला येऊन गवताच्या वखारीवर मजुरी मागितली. नाव विचारलं तेव्हा वासुदेव म्हणून सांगितलं. त्याआधीचं नाव त्याने पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

वखारीचं काम अंगमेहनतीचं. डोंगराकडून सुकलेलं गवत यायचं, ते प्रेसमध्ये घालून दांडा दाबत गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी मालगाडीत चढवायच्या. वासुदेव त्यात मजुराचा मुकादम झाला. दाढीमिशी नाही म्हणून मजूर त्याला पाठीमागे 'कोवळा मुकादम' म्हणत, पण त्याने नुसतं खाकरलं तरी हातातली विडी टाकून कामाला लागत. मधल्या काळात मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, शेजारचं उंबरगाव गुजरातेत गेलं आणि वेवजी इकडे राहिली. तलाठ्याने येऊन तुम्ही आता महाराष्ट्रात असं सांगितलं, तेव्हा सगळे हसले होते. वासुदेव जास्तच हसला होता. वरून कुणीतरी रेघ मारतो आणि माणूस कुठल्या बाजूचा ते ठरतं, यात त्याला नवं काही वाटलं नाही.

सुनंदा वाणगावची, पहिल्या नवऱ्याने टाकलेली. लग्नाआधी वासुदेवने तिला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "पयल्याचं समदं बाप्याचं होतं, तरी माणूस म्हणून धड नव्हता." देवळात दोन हार घालून त्यांचं लग्न झालं. तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ दोघांनी मिळून झाकून धरली होती.

आता गाठ आली होती. आधी तर ती बांधलेल्या पट्टीलाच कळली. रोजचे वेढे बसेनासे झाले, डाव्या बाजूला काहीतरी खडा राहिल्यासारखं टोचायला लागलं. मग डावा हात जड झाला. प्रेसचा दांडा ओढताना खांद्यातून कळ यायची, तेव्हा तो मजुरांवर उगीच ओरडायचा. सुनंदाने पट्टीवरचा डाग पाहिला त्या दिवशी दोघांनीही जेवण केलं नाही.

पाड्यावर लक्ष्या भगत होता. त्याच्याकडे जायला भीती नव्हती, कारण भगताकडे रोग्याने जायची गरजच नसते. मूठभर तांदूळ दुखणाऱ्या माणसावरून उतरवायचे, फडक्यात बांधायचे आणि घरच्या कुणीतरी नेऊन भगताच्या सुपात ओतायचे. भगत दाणे पाहतो आणि काय झालंय ते सांगतो. सुनंदाने तांदूळ नेले. लक्ष्याने एकदा बाहेरची बाधा सांगितली, एकदा कोंबडी मागितली, एकदा पाला वाटून दिला. गाठ आपली वाढतच होती. शेवटी लक्ष्या सूप बाजूला सारून म्हणाला, "बाय, ह्या दुखना माझे दान्यात बसं नाय. डहानूला डाक्तर हाय, त्याला दाखव."

दाखव म्हणायला लक्ष्याचं काय जातं? दाखवायचीच तर चोरी होती. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत लुगडं नेसलेल्या एका माणसाला लोकांनी घेरलेलं वासुदेवने पाहिलं होतं. कुणीतरी म्हणालं, "बघू तरी काय आहे." मग दहा हात पुढे झाले. वासुदेव बांगड्यांच्या दुकानामागे उभा होता, पाय जमिनीत रुतल्यासारखा. त्या माणसाचं ओरडणं त्याला अजून ऐकू यायचं, आणि त्याहून जास्त ते "बघू तरी काय आहे." डॉक्टरचं कामच मुळी बघायचं. मरणाची भीती वासुदेवला होतीच, कुणाला नसते? पण मेल्यानंतर अंघोळ घालायला चार लोक येतील, ही भीती त्याहून मोठी होती. मला तू एकटीनेच न्हाऊ घाल, दार आतून लावून घे, असं त्याने सुनंदाकडून वचन घेऊन ठेवलं होतं. ती तेव्हा त्याला शिव्या देत उठून गेली होती.

तिलाच मग ही युक्ती सुचली. "भगताकडं तुमचे दाणे मी नेले ना? तसं डाक्तरकडं तुमचं दुखणं मी नेते. माझं म्हणून सांगते. बाईमाणसाला बाईचं दुखणं, कोण संशय घेतो? औषध देईल ते तुम्ही घ्या."

बुडत्याला काडीचा आधार. वासुदेवला ती युक्ती इतकी पटली की त्याला दोन दिवस हात कमी दुखला.

डहाणूला यष्टीतून उतरून ते डॉक्टर रेळ्यांच्या दवाखान्यात पोचले तेव्हा ओटी रोग्यांनी भरली होती. डॉक्टर मुंबईचे, शिकलेले, दोन वर्षांपासून इथे. त्यांचा कंपाउंडर एकनाथ दारात स्टुलावर बसलेला असायचा. त्याची शिस्त कडक होती. सकाळी आधी बायका, त्या संपल्या की बाप्ये. ओटीच्या एका बाजूला बायकांचा बाक, दुसऱ्या बाजूला बाप्यांचा. आतली पाळी कुणाची चालू आहे हे तो मधूनमधून दारातूनच ओरडून डॉक्टरांना विचारून घ्यायचा, म्हणजे घोटाळा नको.

"बाया हिकडं, बाप्ये तिकडं," मान वर न करता एकनाथ म्हणाला आणि वासुदेवला हाताने तिकडचा बाक दाखवला.

वासुदेव तिकडे जाऊन बसला. कुणी असं न विचारता, न पाहता तिकडे धाडलं की त्याच्या अंगातला एक ताण सैल पडत असे. विहिरीवर, देवळात, मिरवणुकीत, आयुष्यभर तो असा रोज पास होत आला होता. शेजारच्या म्हाताऱ्या कोळ्याने त्याला तंबाखू विचारली. त्याने चंची काढून दिली. डावा हात त्याने पोटाशी धरून वर शाल घेतली होती. हवेत गारठा होता, त्यामुळे शालीचं कुणाला काही वाटलं नाही.

"सुनंदा, वेवजीच्या मुकादमाची बायको," एकनाथने पुकारलं. ती उठली आणि तिने वळून पाहिलं.

"घरचं कोण आहे सोबत?" आतून डॉक्टरांचा आवाज आला. "त्यांनाही आत पाठव."

वासुदेवने शाल आणखी घट्ट लपेटली. पण ती डॉक्टरांची रीतच होती. दवाखान्यात नर्स नव्हती, तेव्हा बाई तपासताना घरचं माणूस पडद्याच्या अलीकडे स्टुलावर बसवायचं. उद्या कुणाचं बोट दाखवणं नको. वासुदेव स्टुलावर बसला. समोर हिरवा पडदा, पडद्याखाली तपासायच्या टेबलाचे पाय, आणि सुनंदाने काढून ठेवलेल्या वहाणा.

तिने पाढा म्हटला. सुपारी, आवळा, लिंबाची साल, काही चुकलं नाही. वासुदेव ओठ न हलवता तिच्यासोबत म्हणत होता.

"मुलं किती?"

"नाय झाली."

"पाळी?"

"येते." एवढं तिचं तिला ठाऊक होतं.

"डाग पडतो म्हणालात. कशाला लागतो, चोळीला?"

"पट्टीला," सुनंदा म्हणाली.

"कसली पट्टी?"

वासुदेवने स्टुलाची कड घट्ट पकडली.

"थंडीची बांधते छातीला," सुनंदा म्हणाली. "गवतात काम करावं लागतं, कुसळं टोचतात."

"बरं. काढा चोळी." थोडा वेळ गेला. मग डॉक्टर म्हणाले, "आणि हे काय? काजळ?"

"दिष्ट लागू नये म्हणून."

डॉक्टर हसले. "इथे कोण दृष्ट लावणार तुम्हाला?" मग त्यांचं हसू थांबलेलं वासुदेवला ऐकू आलं. "बाई, गाठ डाव्या बाजूला म्हणालात ना तुम्ही? मग खूण उजवीकडे कशी?"

स्टुलावर बसल्याबसल्या वासुदेवच्या कानशिलांतून गरम वाफ गेली. पहाटे ती त्याच्या समोर उभी होती. त्याच्या डाव्या हाताला तिची जी बाजू आली तिथेच त्याने बोट टेकवलं होतं, आरशात बघून दाढी करणाऱ्याने करावं तसं. आयुष्यात आरशासमोर दाढी न केलेल्या माणसाची ही चूक. दोघांनी मिळून सगळा पाढा घोकला, आणि डावं-उजवं मात्र कुणीच पाहिलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उठावं, पडदा बाजूला करावा, सुनंदाला हाताला धरून यष्टीत बसवावं, असं त्याच्या मनात आलं. पण पाय जत्रेतल्यासारखेच झाले होते.

डॉक्टरांनी दोन्ही बाजू तपासल्या. मग पडदा सारून बाहेर आले. चष्मा काढून पुसत ते वासुदेवसमोर उभे राहिले. वय फार नव्हतं, पण कपाळावर आठी होती.

"तुमच्या बायकोला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे."

"बरं झालं," वासुदेव म्हणाला. आणि खरोखरच एक वेडा क्षण त्याला वाटलं की बरं झालं, सुटलो, तपासून झालं आणि काही निघालं नाही. पडद्याआडून सुनंदाचा मोठा उसासा ऐकू आला. तिलाही तसंच वाटलं असावं.

"बरं कसलं झालं?" डॉक्टर म्हणाले. "ती जे सांगते ते मनाने रचता येत नाही. पुस्तकात दिलंय अगदी तसं आहे. कुणाला तरी हे झालेलं आहे, आणि ते वाईट आहे. कोण आहे घरी? बहीण? आई? हे भगताचं सूप नाही मुकादम, दुसऱ्याने दाणे आणायला. ज्याचं दुखणं त्यानेच इथे यायला हवं. तिला घेऊन या."

"घरी कुणी नाय," वासुदेव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

डॉक्टर काही बोलणार होते, पण त्यांची नजर शालीकडे गेली. शाल सरकली होती. डाव्या हाताच्या बोटांवर सूज होती, सदऱ्याची बाही मनगटावर रुतली होती. डॉक्टरांनी न विचारता तो हात पकडला आणि तळव्याच्या मागच्या बाजूला अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. दोघेही त्या खळग्याकडे पाहत राहिले. तो सावकाश भरत होता.

"तुम्हीच. या गाठीनेच हात असा सुजतो," डॉक्टर म्हणाले. आणि अचानक त्यांच्या चेहऱ्यावरची आठी गेली, ते चक्क हसले. "अहो, तुम्हीच! आणि लाजेपायी बायकोला पुढे केलंत होय? बायकांचं दुखणं बाप्याला झालं, लोक काय म्हणतील, असंच ना? मुकादम, हा रोग पुरुषालाही होतो. क्वचित होतो, पण होतो. पुरुष लाजतात, लपवतात आणि फार उशिरा येतात. तुमच्यासारखेच."

वासुदेवने मान वर केली.

"बाप्यालाही होतो?"

"होतो म्हणजे? आमच्या पुस्तकात छापलंय."

किती तरी महिने वासुदेवला वाटत होतं की हा देह शेवटी सूड घेतोय. इतकी वर्षं तू मला नाकारलंस ना, आता बघ, बाईचंच दुखणं देऊन तुला चारचौघांत उघडा पाडतो. आणि हा चष्मेवाला सांगत होता, बाप्यालाही होतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या भीतीत माणसाला आनंद होऊ शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. बाप्याचं दुखणं घेऊन मरायचं, यात वाईट काय होतं?

"चला, सदरा काढा," डॉक्टर म्हणाले. "बघू तरी काय आहे."

आनंद तिथेच गोठला. डॉक्टर सहजच बोलले होते. वासुदेवने दाराकडे पाहिलं. दाराबाहेर एकनाथ होता, ओटी भरलेली होती, तंबाखू मागणारा कोळी होता. पडदा हलला आणि सुनंदा चोळी बांधत बाहेर आली. ती जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली, बाहेरून कुणी ढकललं तर आधी तिला ढकलावं लागेल अशी.

तेव्हा वासुदेवने बटणं काढायला घेतली. उजव्या हाताने, एकेक. सदऱ्याखाली पट्टी होती, सुनंदाच्या जुन्या लुगड्याची, बगलेपासून बरगड्यांपर्यंत आवळून गुंडाळलेली.

"ही ती पट्टी," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "किती घट्ट बांधलीय! कधीपासून बांधता?"

"मिसरूड फुटायच्या वयापासून."

याचा अर्थ डॉक्टरांना लागला नाही. त्यांनी टोक शोधून पट्टी सोडायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, तिसरा. आतले वेढे चिकटले होते, तिथे त्यांनी कोमट पाण्याचा बोळा लावला, हलक्या हाताने. हात चांगला होता त्यांचा. वासुदेव छताकडे बघत होता. तिथे एक पाल होती आणि ती हलत नव्हती.

शेवटचा वेढा सुटला आणि डॉक्टरांचा हात थांबला.

त्यांची नजर आधी गाठीवर गेली, मग दुसऱ्या बाजूला, मग वासुदेवच्या चेहऱ्यावर. तिथून ती जमिनीकडे गेली. ते एक पाऊल मागे सरले. पुस्तकातला पुरुष त्यांच्या समोरून कुठे गेला ते त्यांना कळत नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही..."

"बाई मी हाय, डाक्तर," दारापाशी उभी असलेली सुनंदा म्हणाली. "ते माझे मालक हायत."

डॉक्टर तस्ताकडे गेले. पाण्यात हात घातले आणि पुन्हापुन्हा चोळत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. वासुदेवने पाहिलं, आणि त्याला नवल वाटलं, की तेही घाबरले होते.

"मुंबईला जावं लागेल," ते पाठमोरेच म्हणाले. "ऑपरेशन. आजच्या आज म्हणत नाही, पण याच आठवड्यात. उशीर झालाय, तरी वेळ हातची गेलेली नाही. मी चिठ्ठी देतो. तिथे मोठे डॉक्टर तपासतील, शिकाऊ पोरं असतील भोवती. बायकांच्या वॉर्डात खाट मिळेल. कपडे तिथलेच घालावे लागतात."

"लुगडं?"

"लुगडं."

"मंग नको."

वासुदेवने पट्टीचं टोक उचललं आणि काखेखाली धरून पहिला वेढा घेतला. सुनंदा दारापाशी तशीच उभी होती. तिचा पदर तोंडात होता.

डॉक्टर गर्रकन वळले. "वेड लागलंय? ही गाठ वाट बघत नाही. एका कापडापायी जीव देणार?"

"तुमाला ते कापड दिसतंय, डाक्तर. मी त्याच्यात राहतो."

"चिठ्ठीत मी जे डोळ्यांना दिसतं ते लिहिणार. मला दुसरं काही लिहिता येत नाही."

"लिवा की. मी तुमाला खोटं लिवा म्हणत नाय. पर त्या वॉर्डात लुगडं नेसून जी बाई पडंल ती मी नसंल. तिला तुमी बरी केली काय आन् नाय काय, मला त्याचा काय उपेग? मला भ्या वाटतं डाक्तर. मरणाचं बी वाटतं, नाय असं नाय. पर ह्या लुगड्याचं जास्त वाटतं." त्याने दुसरा वेढा घेतला. गाठीवरून पट्टी जाताना त्याने दात आवळले. "मेल्यावर कोण न्हाऊ घालंल तेही मी हिला सांगून ठेवलंय."

सुनंदाच्या तोंडातून बारीक हुंदका आला.

डॉक्टरांच्या ओल्या हातांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं. टेबलावर जाड पुस्तकं होती, पाठीवर सोनेरी अक्षरं असलेली. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं. त्यात या माणसासाठी एखादी ओळ असेल, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी तिकडून नजर काढून घेतली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. सुनंदा दचकली आणि तिने पाठ आणखी घट्ट रेटली.

"डॉक्टरसाहेब," बाहेरून एकनाथ ओरडला, "आत बाया चालल्यात का बाप्ये? काय समजू? हितं लोक तटलेत."

वासुदेवच्या छातीत इतके ठोके पडत होते की पट्टी हलत होती. आत काय चाललंय ते एका शब्दात साऱ्या ओटीला कळणार होतं. तो डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्यांचे ओठ एकदा उघडले आणि मिटले.

"बाप्ये," डॉक्टर म्हणाले. आवाज नीट फुटला नाही म्हणून त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा मोठ्याने म्हणाले, "बाप्ये सुरू झालेत, एकनाथ. आत एक आहेत. त्यांना वेळ लागेल. बाकीच्यांना थांबव."

"बरं," एकनाथ म्हणाला आणि ओटीवर कुणावर तरी खेकसला.

डॉक्टरांनी पंच्याने हात पुसले. ते गाठ तपासायला वासुदेवजवळ आले. मुंबईचं त्यांनी पुन्हा काढलं नाही, वासुदेवनेही विचारलं नाही. सुनंदा पदराच्या टोकाने चोळीवर उतरलेलं काजळ पुसत होती, ते आणखीनच पसरत होतं.

पट्टी गुंडाळणारा वासुदेवचा हात थांबला होता. त्याने टोक सोडून दिलं. मग, जेवढा वर जात होता तेवढा, त्याने डावा हात वर केला.